गेलेल्या शेतांची वंशावळ

१९२५ साली अमेरिकेत दोन सख्ख्या भावांची दोन पुस्तकं छापून आली. थोरला अँड्र्यू वेब्लेन. पंच्याहत्तरी ओलांडलेला, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेला, कॅलिफोर्नियात सॅन दिएगोला राहणारा. त्याने आपल्या घराण्याची वंशावळ छापली. नॉर्वेतले पूर्वज कोण, ते कुठल्या शेतांवर राहिले, अमेरिकेत हे कुटुंब कुणी वसवलं, हे सगळं त्याने त्यात मांडलं. धाकटा थोरस्टाइन वेब्लेन. श्रीमंतांच्या दिखाऊ खर्चावर १८९९मध्ये पुस्तक लिहून गाजलेला अर्थशास्त्रज्ञ. त्याने त्याच वर्षी 'लाक्सडेला सागा' या जुन्या आइसलँडी कथेचं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलं. ही कथासुद्धा एका घराण्याचीच. राजा हाराल्डचं बळ वाढलं म्हणून नॉर्वे सोडून जाणाऱ्या केटिलपासून ती सुरू होते. त्याची लेक उन आइसलँडमध्ये जाऊन जमीन धरते आणि बरोबर आलेल्या माणसांना वाटून देते.

भावांनी हे ठरवून केलं असं मी म्हणत नाही. पण ज्या घरात ते वाढले त्या घराची हकिकत वाचल्यापासून ही दोन पुस्तकं मला एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत.

त्यांचे आईवडील तोमास आंडरसन आणि कारी बुंदे. दोघं दक्षिण नॉर्वेतल्या वाल्द्रेस खोऱ्यातले. बेग्ना नदीच्या काठाने वर चढत गेलेलं हे खोरं. खाली शेतं, वर उन्हाळी कुरणं, मधेमधे शेकडो वर्षं उभी असलेली लाकडी चर्चं. १८४७मध्ये ही दोघं अमेरिकेला निघाली. प्रवासातच चार महिन्यांहून अधिक काळ गेला. आधी विस्कॉन्सिन, तिथेच १८५७मध्ये थोरस्टाइनचा जन्म; मग १८६५मध्ये मिनेसोटात, राइस काउंटीतल्या नर्स्ट्रँडजवळ. एकूण बारा मुलं झाली. तोमास सुताराच्या हाताचा माणूस होता. नर्स्ट्रँडचं घर त्याने स्वतः बांधलं आणि ते अजून उभं आहे.

आता त्यांच्या मागची पिढी. चरित्रकार सांगतात ती हकिकत अशी, की तोमासच्या वडिलांचा शेतावरचा हक्क फसवणुकीने गेला आणि ते दुसऱ्याच्या जमिनीवर कूळ होऊन राहिले. कारीच्या वडिलांना तर वकिलांची फी भागवायला शेत विकावं लागलं. तो घाव त्यांना सोसला नाही; ते लवकर गेले आणि कारी लहानपणीच पोरकी झाली.

तोमासच्या वडिलांचं नाव आंडर्स. कारीच्या वडिलांचं थोरस्टाइन. नॉर्वेत नातवंडांना आजीआजोबांची नावं ठेवायची रीत पक्की होती: पहिला मुलगा बापाच्या बापाचा, दुसरा आईच्या बापाचा, मुलींचंही तसंच. मधे कुणी मेलं, कुणी दुसरं लग्न केलं की क्रम इकडेतिकडे व्हायचा, पण नावं सुटायची नाहीत. या घरात थोरल्या मुलाचं नाव आंडर्स पडलं, त्याचं अमेरिकेत अँड्र्यू झालं. सहाव्याचं थोरस्टाइन, आणि त्याला मधलं नाव मिळालं बुंदे, म्हणजे आईच्या माहेरच्या शेताचं. ज्या दोन आजोबांची जमीन गेली त्यांच्याच नावांनी मिनेसोटाच्या त्या घरात दोन पोरांना रोज जेवायला हाक मारली जायची. कारीच्या तोंडून तिच्या बापाचं नाव दिवसातून किती वेळा निघत असेल! आणि पुढे पन्नास-साठ वर्षांनी याच दोन पोरांनी एका वर्षात घराण्यांच्या दोन कथा छापल्या.

मी मिनेसोटात राहते. या राज्यात नॉर्वेची नावं दुकानांच्या पाट्यांवर, चर्चांच्या दगडांवर, मतपत्रिकेवर, सगळीकडे भेटतात. अमेरिकेचे उपाध्यक्ष झालेले वॉल्टर माँडेल इथलेच. त्यांचं आडनाव नॉर्वेतल्या फ्यार्लांडमधल्या मुंदाल या शेतावरून आलेलं. १८२५मध्ये स्टावांगर बंदरातून 'रेस्टाउराशोन' नावाची छोटी नौका बावन्न माणसं घेऊन निघाली, वाटेत एक बाळ जन्मलं, आणि न्यूयॉर्कला त्रेपन्न उतरली. तिथून पुढच्या शंभर वर्षांत सुमारे ८ लाख लोक नॉर्वेतून बाहेर पडले. १८०१मध्ये त्या देशाची सगळी लोकसंख्याच ८ लाख ८३ हजार होती, हे लक्षात घेतलं म्हणजे या आकड्याचं वजन कळतं.

माझ्या शेजारी एक आजी राहतात. नव्वदी जवळ आली आहे. त्यांना आपल्या पणजीचं मूळ घर शोधायचं होतं आणि डोळे साथ देत नव्हते, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं. हाती होतं काय? लुथरन चर्चच्या दफनभूमीतला एक दगड. त्यावर पणजीचं नवऱ्याच्या आडनावाने नाव, जन्मवर्ष, आणि खाली 'नॉर्वे'. नॉर्वेमध्ये कुठे, ते नाही.

आपल्याकडे घराणं शोधायचं तर आपण आडनाव धरतो. नॉर्वेत त्या काळी आडनाव धरून चालतच नाही. माणसाला स्वतःचं नाव, मग बापाचं नाव, आणि तिसरं म्हणजे तो ज्या शेतावर राहतो त्या शेताचं नाव. हे तिसरं त्याच्या रक्ताबरोबर येत नाही, पत्त्याबरोबर येतं. उले हान्सन हाउगनवर जन्मला तर उले हान्सन हाउगन. पुढे लिएनच्या विधवेशी लग्न करून तिथे राहायला गेला की तोच माणूस उले हान्सन लिएन. त्याच्या सख्ख्या भावाचं नाव तोवर तिसऱ्याच शेताचं झालेलं असतं. पोरं त्याची उलसन आणि उल्सदात्तर, म्हणजे उलेचा मुलगा आणि उलेची मुलगी. पिढ्यान्‌पिढ्या चालणारं एकच आडनाव लावायची सक्ती कायद्याने झाली ती १९२३मध्ये. तोवर नाव ज्याच्याकडे राहिलं ते शेत. माणसं त्यात येऊन राहिली आणि निघून गेली. तोमास आंडरसनचंही तेच. वाल्द्रेसमधल्या वेब्लेन नावाच्या जागेवरचा म्हणून वेब्लेन. अमेरिकेत आडनाव गोठतं, म्हणून ते त्याच्या पोरानातवंडांना कायमचं चिकटलं. आणि ज्या मातीवरून आलं ती माती त्यांच्यापैकी बहुतेकांच्या पायाला कधी लागलीच नाही.

म्हणून तिथल्या स्थानिक इतिहासाचे जाडजूड ग्रंथ, ज्यांना 'बिग्देबुक' म्हणतात, शेतांच्या क्रमाने लावलेले असतात. प्रत्येक शेताला क्रमांक. त्या शेताखाली ते कुणी कसलं, कधीपासून कधीपर्यंत, बायको कुठल्या शेतावरची, मुलं कुठे गेली. एक कुटुंब पुरतं वाचायचं तर पाच-सहा शेतांची प्रकरणं उलटावी लागतात. मला ही रचना फार आवडते. शेजारच्या आजींना मात्र सुरुवातीला तिचा राग यायचा. त्यांना माणसं हवी होती आणि पुस्तक त्यांना जमीन दाखवत होतं.

मूळ कागद मात्र चर्चच्या वह्यांत. सगळं आज 'दिगितालआर्किवे' या नॉर्वेच्या सरकारी अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतं. पानं पिवळी पडलेली, अक्षर गॉथिक, शाई कुठे पसरलेली. जन्माच्या पानावर बाळाचं नाव, जन्माची तारीख, बाप्तिस्म्याची तारीख, आईबाप आणि त्यांचं शेत, आणि शेवटी बाप्तिस्म्याला साक्षी उभे राहिलेले चार-पाच जण. हौशी माणूस हा शेवटचा रकाना सोडून देतो. तिथेच खरी नाती असतात, कारण साक्षी म्हणून मामा, मावशी, काकाची सून अशीच माणसं उभी राहायची. मग पंधराव्या-सोळाव्या वर्षी धर्मदीक्षा. १७३६पासून ती सगळ्यांना सक्तीची, त्यामुळे तिथे जन्मतारीख पुन्हा मिळते. एकोणिसाव्या शतकात देवीची लस टोचली का, याचीही नोंद येऊ लागते, कारण १८१०च्या नियमानंतर लस टोचल्याशिवाय धर्मदीक्षा नाही आणि लग्नही नाही. आणि वहीच्या मागच्या बाजूला, घाईत लिहिल्यासारखी, परगणा सोडून गेलेल्यांची यादी. नाव, वय, शेत, कुठे निघाला. त्या 'कुठे'च्या रकान्यात एकाखाली एक 'अमेरिका', 'अमेरिका' असं लिहिलेलं पान पाहिलं तेव्हा मी बराच वेळ पुढे सरकू शकले नाही.

पणजीचा माग अमेरिकेतल्या चर्चच्या दप्तरातून लागला. या स्थलांतरितांनी इथे आल्या आल्या चर्चं उभारली आणि त्यांचे पाद्री गावाची नोंद करायचे. गाव कळलं, जन्म सापडला, आणि मग १८७५ची जनगणना उघडली.

१८७५च्या नॉर्वेच्या जनगणनेत माणसांच्या शेजारी गुरं आणि बियाणंही लिहिलेलं आहे. पणजी तेव्हा सात वर्षांची. घरात आईबाप, पाच मुलं, एक म्हातारी. घोड्याच्या रकान्यात काही नाही. एक गाय, चार मेंढ्या, दोन शेळ्या. पेरणी: जव थोडं, बटाटे त्याहून जास्त. बापाच्या नावापुढे धंदा म्हणून लिहिलं होतं 'हुसमान, जमिनीसह'. मी हे एकेक करून वाचून दाखवलं. आजी म्हणाल्या, "एका गाईवर आठ माणसं?" मग गप्प झाल्या, आणि थोड्या वेळाने, "बटाटे किती म्हणालीस?"

हा हुसमान कोण, हे समजल्याशिवाय नॉर्वेचं स्थलांतर समजत नाही. शेताचा मालक आपल्या जमिनीच्या कडेला, बहुधा खडकाळ भागात, एक खोपटं आणि जमिनीचा तुकडा एखाद्या कुटुंबाला देई. मोबदल्यात त्या कुटुंबाने मालकाच्या शेतावर ठरलेले दिवस राबायचं. कापणीच्या दिवसांत, जेव्हा स्वतःचं पीकही उभं असतं, तेव्हा आधी मालकाचं. काही हुसमानांना जमीन, काहींना नुसतं छप्पर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ही संख्या सर्वांत जास्त होती. देवीची लस आली, बटाटा आला, मुलं जगू लागली. १८०१ ते १८६५मध्ये लोकसंख्या ८ लाख ८३ हजारांवरून १७ लाखांवर गेली. कसायला येईल अशी जमीन मात्र देशात शंभरात तीन भाग.

आणि ती जमीन जायची एकाकडे. 'ओदेल' हा तिथला फार जुना हक्क. पिढ्यान्‌पिढ्या एका घराण्याकडे राहिलेलं शेत त्याच घराण्यात राहावं, थोरल्याने ते घ्यावं, आणि परक्याला विकलं गेलं तर नातलगाने ठरलेल्या मुदतीत पैसे भरून परत सोडवावं. १८१४च्या नॉर्वेच्या राज्यघटनेत त्याला संरक्षण आहे. मुलींना मुलांच्या बरोबरीने तो मिळाला थेट १९७४च्या कायद्याने. शेताचे तुकडे होऊ नयेत म्हणून हा हक्क चांगलाच, पण प्रत्येक पिढीत एकाच्या वाट्याला शेत आलं की उरलेल्या भावंडांनी करायचं काय? एखादा विधवेशी लग्न करून तिच्या शेतावर जायचा. एखादी चांगल्या घरात पडायची. बाकीचे दोन पिढ्यांत हुसमान. बड्या शेतकऱ्याचा नातू आणि त्याच शेताच्या कडेला राबणारा हुसमान चुलतचुलत भाऊ निघावेत, हे वह्यांमध्ये वारंवार दिसतं. शिवाय सोडवणुकीचे दावे चालत, कर्ज होई, वकील लागत. कारी बुंदेच्या बापाचं शेत वकिलांच्या फीपायी गेलं, या वाक्यामागे हा सगळा कायदा उभा आहे.

वाल्द्रेसची एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. खोऱ्याच्या वरच्या टोकाला वांग गाव. तिथलं लाकडी चर्च बाराव्या शतकातलं, मोडकळीला आलं आणि लहानही पडू लागलं म्हणून पाडायचं ठरलं. योहान क्रिस्तियान दाल या चित्रकाराने ते वाचवायची धडपड केली, आणि अखेर प्रशियाच्या राजाने १८४१मध्ये ते विकत घेतलं. सुटं करून, पेट्यांत भरून ते नेलं, आणि आज पोलंडमध्ये असलेल्या कार्पाच गावच्या डोंगरावर पुन्हा जोडलं. १८४४मध्ये तिथे प्रार्थना सुरू झाल्या. तोमास आणि कारीने गाव सोडलं त्याच्या तीनच वर्षं आधी. त्या खोऱ्यातल्या माणसांनी देऊळच दुसऱ्या देशी जाताना पाहिलं होतं. 

अँड्र्यू वेब्लेनकडे मी पुन्हा वळते, कारण या सगळ्यात मला सर्वांत जवळचा वाटतो तो हाच. धाकट्या भावाच्या कीर्तीखाली तो झाकला गेला आहे. १८९९मध्ये मिनियापोलिसच्या मिनेहाहा पार्कात वाल्द्रेसहून आलेल्या लोकांचा मेळावा भरला आणि त्यातून 'वाल्द्रिस साम्बांद' ही संघटना झाली. एकेका खोऱ्याच्या लोकांनी अमेरिकेत अशा संघटना काढल्या, त्यांतली ही पहिली. अँड्र्यू तिचा अध्यक्ष होता, तिच्यासाठी त्याने लिहिलं, १९२०मध्ये तिची माहितीपुस्तिका काढली. मेळाव्याला लोक येत ते आपल्या खोऱ्याची बोली बोलायला, तिथलं फिडल ऐकायला, आणि 'तू कुठल्या शेतावरचा?' हे विचारायला. ज्यांचं शेत शाबूत होतं ते वाल्द्रेसमध्येच राहिले होते. त्यांना यादी करायची गरज नव्हती, चर्चची वही आणि शेताचा दगडी बांध त्यांच्या दाराशी होता. वंशावळ लिहायची तळमळ लागली ती निघून आलेल्यांना. माझ्या वाचनातून आणि शेजारच्या आजींच्या सहवासातून हे मला पुन्हापुन्हा दिसत राहिलं आहे.

नर्स्ट्रँडचं वेब्लेन घर १९८१पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. मधे ते पडायला आलं होतं. मग कुणी जीव लावून ते पूर्ववत केलं. आज तिथे लोक राहतात, त्यामुळे रस्त्यावरूनच पाहावं लागतं. मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांमधलं पांढरं, दुमजली, लाकडी घर. घर मोठं आहे. या कुटुंबाला गरीब, अडाणी स्थलांतरित म्हणून रंगवणारं लिखाण पुष्कळ झालं, ते मला पटत नाही. तोमासने शेत वाढवलं, यंत्रं घेतली, आणि मुलांबरोबर मुलींनाही कॉलेजात घातलं. मुलगी एमिली कार्लटन कॉलेजची पदवीधर झाली. १८८०च्या दशकात किती शेतकऱ्यांनी हे केलं असेल?

पुढच्या पिढीत अँड्र्यूचा मुलगा ऑस्वाल्ड वेब्लेन. १८८०मध्ये आयोवातल्या डेकोरा गावी जन्मला, आठ भावंडांत थोरला. गणित शिकणाऱ्यांना हे नाव भूमितीतून माहीत असतं. प्रिन्स्टनची प्रगत अध्ययन संस्था सुरू झाली तेव्हा तिचा अगदी पहिला प्राध्यापक. हिटलरच्या जर्मनीतून पळून आलेल्या गणितज्ञांना अमेरिकेत जागा मिळवून देण्यासाठी तो वर्षानुवर्षं झटला. आणि त्याला जमिनीचा नाद होता. प्रिन्स्टनजवळ जंगलाचा मोठा तुकडा त्याने घेतला, तिथे राहिला, आणि १९५७मध्ये त्याने आणि पत्नी एलिझाबेथने त्यातली सुमारे ८० एकर लोकांसाठी देऊन टाकली. आज ते हेरनटाउन वूड्स. ज्याचा पणजा कूळ होऊन मेला त्याने स्वतःची जमीन सगळ्यांना फिरायला मोकळी ठेवली. वाल्द्रेसच्या कागदांमधून इथवर येऊन मी त्या जंगलाबद्दल वाचलं तेव्हा मला भरून आलं.

ऑस्वाल्डला मूल नव्हतं. थोरस्टाइनलाही पोटचं मूल नव्हतं. दुसऱ्या बायकोच्या दोन मुली त्याने वाढवल्या. म्हणजे ज्या दोन नावांमुळे जगाला हे कुटुंब ठाऊक आहे त्या दोन्ही फांद्या तिथेच थांबतात. वंश चालला तो बाकीच्या भावंडांचा, ज्यांची नावं ज्ञानकोशात नाहीत. आडनाव साउथ डकोटातल्या एका गावालाही मिळालं, सुरुवातीला तिथे वस्ती केलेल्या एका वेब्लेनमुळे. वाल्द्रेसच्या एका जागेचं नाव, माणसाला लागलं, समुद्र ओलांडला, आणि पुन्हा जमिनीला लागलं.

मुलींच्या वंशाचं मात्र वेगळंच होतं, आणि शेजारच्या आजींच्या पणजीमुळे ते माझ्या डोक्यात बसलं आहे. नॉर्वेच्या वहीत बाई आयुष्यभर स्वतःच्या बापाची मुलगी राहते. लग्नाआधी तिचं नाव जे, लग्नानंतर तेच. मुलांच्या बाप्तिस्म्यात तेच, मरणाच्या पानावर तेच. शेताचं नाव बदलतं, 'दात्तर' बदलत नाही. त्यामुळे आईची आई, तिची आई असं मागे मागे जाता येतं. आजींच्या पणजीच्या मागे आम्ही अशाच बायकाबायकांमधून १८०१च्या जनगणनेपर्यंत पोहोचलो; देशातल्या प्रत्येक माणसाचं नाव लिहिणारी ती पहिली. तिथे एका हुसमानाच्या घरातली तीन वर्षांची मुलगी, तीही नाव आणि बापाच्या नावासकट. ही साखळी तुटते ती अमेरिकेत. इथल्या कागदांत ती बाई 'मिसेस अमुक' होते, कधीकधी नवऱ्याच्या नावामागे तिचं स्वतःचं नावही जातं. आजींच्या घराण्यात अशा दोघी आहेत, ज्या इथे आल्यावर कागदावरून नाहीशाच झाल्या.

माझं गाव कोयना खोऱ्यातलं. साठच्या दशकात ते शिवसागराच्या पाण्याखाली गेलं आणि आमची माणसं रायगडकडे, मुंबईकडे पांगली. बाबांनी नंतर एका लांब वहीत भावकी लिहून काढली: पणजोबांपासूनचे सगळे पुरुष, थोरला-धाकटा क्रमाने, आणि शेवटच्या पानांवर बुडालेल्या शेतांची नावं, कुठलं कुणाच्या बांधाला लागून ते. अँड्र्यूची वंशावळ बाबांनी कधी पाहिली नाही, पण तिचं कारण त्यांना सांगावं लागलं नसतं. 

त्या वहीत बायका आहेत त्या 'सौ.' म्हणून, लग्नात ठेवलेल्या नावाने. माहेरचं नाव नाही, माहेरचं गाव नाही. लेकींच्या नावापुढे 'दिली' आणि गावाचं नाव, की ती ओळ संपली. नॉर्वेतल्या एका हुसमानाच्या तीन वर्षांच्या पोरीचं नाव मला सव्वादोनशे वर्षांनी मिनेसोटात बसून वाचता येतं, आणि माझ्या पणजीचं माहेरचं नाव मला ठाऊक नाही.

आत्या पनवेलला असते. नव्वदीकडे झुकली आहे, आवाज खणखणीत. फोनवर मी तिला एकेकीचं विचारते: हिचं माहेर कुठलं, बाप कोण, आधीचं नाव काय. तिला काही आठवतात, काही नाहीत. जिचं नाव आठवत नाही तिचं गाव आठवतं, कारण तिथून दिवाळीला कोण यायचं ते आठवतं. पणजीचं गाव मिळालं आहे, नदीच्या पलीकडचं, तेही धरणात गेलेलं. त्या गावची माणसं आता कुठल्या पुनर्वसनात आहेत ते आत्याचा नातू विचारून ठेवणार आहे. तोवर आत्याने मला तिच्या तीन जावांची माहेरची नावं, त्यांच्या आयांच्या नावांसकट, लिहून घ्यायला लावली आहेत. शब्द नीट लाव, म्हणाली, आणि चौथीचं राहिलं म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच फोन केला.